गळ टाकणाऱ्यांचा शेजारधर्म

मासे गरवणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. निर्जन काठ, संथ पाणी आणि तासन्‌तास दोरीकडे पाहत बसलेली एक अबोल आकृती. हे चित्र दृढ होण्यास इंग्रजी वाङ्मयानेही हातभार लावला आहे. आयझॅक वॉल्टन याने १६५३ साली लिहिलेल्या ‘द कम्प्लीट अँग्लर’ या ग्रंथाच्या उपशीर्षकातच गळाच्या छंदाला चिंतनशील माणसाचा विरंगुळा म्हटले आहे. पण वॉल्टनच्या इंग्लंडात नद्या पुष्कळ आणि माणसे थोडी होती. आज जगातील पुष्कळशा पाणवठ्यांवर एकांत शोधावयास गेलेल्या माणसाला प्रथम दिसते ती दुसऱ्या माणसाची पाठ.

मुंबईच्या खाडीवरील एका पुलावर मागे एक लहानसा तंटा पाहावयास मिळाला. ओहोटी लागली होती. ज्या बाजूस पाणी वाहून जात होते त्या कठड्याशी सात-आठ माणसे हातभर अंतराने उभी होती. कोणाजवळ काठी होती, कोणाजवळ नुसती दोरी आणि शिसे. एवढ्यात नवी कोरी परदेशी काठी घेतलेला एक तरुण आला, दोघांच्या मध्ये शिरला आणि त्याने दूरवर तिरकी दोरी फेकली. ती तीन दोऱ्यांवरून गेली आणि दोन मिनिटांत चौघांचा गुंता झाला. एक वयस्क गृहस्थ चिडून काही बोलले, तेव्हा तरुण म्हणाला, “काका, पूल काय तुमच्या मालकीचा आहे?”

प्रश्न उद्धट होता, पण खोटा नव्हता. पूल कोणाच्याच मालकीचा नव्हता. सार्वजनिक जागेवर आधी आलेल्या माणसाचा हक्क नेमका किती, तो हक्क कोणी दिला, आणि मागाहून आलेल्याने तो का मानावा? नगरपालिकेच्या कोणत्याही नियमात याचे उत्तर सापडावयाचे नाही. तरीही जगभर गळ टाकणाऱ्यांनी ते आपापल्या परीने शोधले आहे.

इस्तंबूल येथील गलाता पूल हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. आधीचा १९१२ चा पूल १९९२ मध्ये आगीत जळाला आणि त्यानंतर आजचा दुमजली पूल उभा राहिला. वरच्या मजल्यावर मध्ये ट्राम व मोटारी, आणि दोन्ही कठड्यांना टेकून गळ टाकणाऱ्यांची रांग. खालच्या मजल्यावर उपाहारगृहे आहेत. तेथे जेवणाऱ्यांच्या समोरून, डोळ्यांदेखत, वरून सोडलेल्या दोऱ्या खाली जातात आणि एखादा चमकता मासा उसळ्या मारीत वर जातो. इस्ताव्रित नावाचा वीतभर लांबीचा मासा येथे विशेष मिळतो. त्यासाठी एकाच दोरीला पिसे बांधलेले अनेक गळ ओळीने लावतात आणि दोरी वरखाली हलवीत राहतात.

या पुलावर माणसांतील अंतर दोन पावलांचेही नसते. मग दोऱ्या गुंतत कशा नाहीत? गुंततात, पण वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी. कारण तेथे जो तो दोरी सरळ खाली सोडतो, आणि शिसे पुरेसे जड लावतो. हलके शिसे प्रवाहात वाहत शेजाऱ्याच्या दोरीवर जाते. तेव्हा तेथे सभ्यता वजनात मोजावी लागते, असे म्हटले तरी चालेल. गर्दीतला माणूस आपले हातवारे आखडून घेतो, त्याच न्यायाने या पुलावरील माणसाने आपले शास्त्रच आखडून घेतले आहे. दूर फेकण्याचे कौशल्य ज्याला दाखवावयाचे आहे त्याने मोकळा किनारा शोधावा.

तुर्की लोक मासे धरणाऱ्याला ‘रास्तगेले’ असे म्हणून शुभेच्छा देतात. गाठ पडो, लाभ होवो, असा त्याचा भाव. या शब्दातील ‘रास्त’ मूळचा फारसी, आणि आपल्या ‘रास्त भावा’तील रास्तही त्याच घराण्यातला. तिकडे त्याला दैवयोगाचा अर्थ चिकटला, इकडे न्यायाचा. पुलावरच्या माणसाला मात्र दोन्ही हवे असतात.

नदीवर गेले की अंतराचा हिशेब निराळा होतो. येथे किती हात दूर उभे राहिलात याला फारसे महत्त्व नाही. शेजाऱ्याच्या पुढे उभे राहिलात की मागे, हे महत्त्वाचे. आणि पुढे कोणते, मागे कोणते, हे मासा ठरवितो. ट्राउट मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालून वर, त्याच्या पाठीमागून जाणे हिताचे. अशा माणसाच्या वरच्या अंगाला, चांगले शंभर पावले अंतर राखून का होईना, कोणी पाण्यात उतरला तर त्याने त्याचा पुढला सारा मार्ग बिघडविला असे होते. सॅमनसाठी जाणारा याच्या उलट, वरून खाली सरकतो. स्कॉटलंडच्या नद्यांवर एकदा दोरी फेकली की एक-दोन पावले खाली सरकावे, म्हणजे मागच्याला जागा मिळते, अशी रीत आहे. तेथे नवागताने वरच्या टोकाला, सर्वांच्या मागे उतरावयाचे. कोणीही एका जागी ठाण मांडून बसावयाचे नाही. नदीच्या एकाच डोहातून पाच माणसे अशी क्रमाने गेली तर पाचांनाही सबंध डोह मिळतो. खुंटासारखी उभी राहिली तर प्रत्येकाला एक पंचमांश मिळतो, आणि चार भाग निकामी निघण्याचाही संभव असतो.

अलास्कातील रशियन नदी जेथे केनाई नदीला मिळते, तेथे तर या शिष्टाचाराची सत्त्वपरीक्षाच होते. उन्हाळ्यात सॉकाय जातीच्या सॅमनचे थवे समुद्रातून वर चढू लागले की अँकोरेज शहरातून माणसांचेही थवे निघतात. मासा काठाला धरून चालतो, त्यामुळे माणसेही काठालाच, गुडघाभर पाण्यात, खांद्याला खांदा लावून उभी राहतात. या प्रकाराला तेथे विनोदाने ‘लढाई’चे नाव दिले आहे. प्रत्येकाची दोरी जवळजवळ सारख्याच लांबीची, आणि ती वर फेकून प्रवाहाबरोबर खाली येऊ देण्याचा ठेकाही बहुधा सारखाच. जो ठेका चुकवितो तो गुंता करतो. एखाद्याच्या गळाला मासा लागला की तो ओरडून सांगतो, आणि ओरड ऐकताच आजूबाजूचे लोक आपापल्या दोऱ्या ओढून घेतात. मासा घेऊन तो काठाकडे सरकतो, त्याला वाट मिळते, आणि परत येईपर्यंत त्याची जागा राखलेली असते. क्षणापूर्वी ज्यांचे कोपर एकमेकांना लागत होते, ती माणसे एका अनोळखी माणसाच्या माशासाठी हातचे काम थांबवितात. हे दृश्य ज्यांना क्षुल्लक वाटेल त्यांनी आपल्या लोकलगाडीच्या दाराशी उभे राहून पाहावे.

(तेथे तपकिरी अस्वलेही येतात. अस्वल पाण्यात उतरले की आधी कोण आले होते, हा वाद कोणी घालीत नाही.)

कोणता गळ वापरावा, दिवसाला किती मासे घ्यावेत, तोंडाखेरीज अन्यत्र गळ लागलेला मासा सोडून द्यावा, हे सारे अलास्कात कायद्याने ठरविले आहे. पण ओरड ऐकताच दोरी ओढून घेणे, परतणाऱ्याची जागा राखणे, ही रीत माणसांनीच घालून घेतली. यामागे स्वार्थ आहेच. आज मी दोरी ओढली नाही तर उद्या माझ्या माशाच्या वेळी शेजारी ओढणार नाही, शिवाय गुंत्यात दोघांचाही वेळ जातो. परंतु केवळ स्वार्थाने उलगडा होत नाही. एकाच दिवसासाठी आलेल्या प्रवाशाला उद्याचे भय कसले? तो रीत पाळतो ती भोवतालच्या दहा जणांना पाळताना पाहून. म्हणून रीत टिकण्यासाठी जाणत्यांची संख्या नवख्यांहून अधिक असावी लागते. अलीकडे ज्या जागेचे छायाचित्र दूरध्वनीवरून हजारोंपर्यंत पोहोचते, तेथे एका आठवड्यात हे प्रमाण उलटे होते. तक्रार गर्दीची होते, पण खरी उणीव शिकविणाऱ्याची असते.

यावर एक सोपा उपाय आहे आणि तो श्रीमंतांनी फार पूर्वी शोधला. अंतर विकत घ्यावे! इंग्लंडात भरतीचे पाणी पोहोचत नाही अशा नद्यांत मासे धरण्याचा हक्क सामान्यतः काठाच्या जमीनमालकाचा असतो, आणि तो जमिनीवेगळा विकताही येतो. हॅम्पशायरमधील टेस्ट नदीवर १८२२ साली स्थापन झालेला हाउटन क्लब आहे. मोजके सभासद आणि मैलोगणती पाणी. तेथील सभासद एकमेकांशी अत्यंत सौजन्याने वागत असतील यात शंका नाही. पण धक्काच लागण्याचा संभव नसेल तेथे सौजन्याला कष्ट ते कसले?

मला त्याहून मोलाची वाटते ती त्याच देशातील कामगारांनी काढलेली तोड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफील्डचे पोलादकामगार सुटीच्या दिवशी आगगाड्या भरभरून लिंकनशायरच्या विदम नदीवर जात. शेकडो माणसे, एक काठ, आणि जागा सारख्या नव्हेत. कोठे मासा भरपूर, कोठे नुसते गवत. अशा गर्दीच्या स्पर्धांतून काठावर क्रमांकाच्या खुंट्या ठोकावयाच्या आणि कोणी कोणत्या खुंटीशी बसावे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे, ही पद्धत रुळली. ती आजही चालू आहे. चिठ्ठीने वाईट जागा आली तर माणूस नशिबाला बोल लावतो, शेजाऱ्याला नव्हे.

चिठ्ठी आणि सरकणे या दोन युक्त्यांचा सुंदर मेळ तुर्कस्तानातील अलान्या येथील मच्छिमारांनी घातला होता. ते छंदापायी नव्हे, पोटासाठी जाळी टाकणारे लोक. परंतु प्रश्न हाच होता, चांगल्या जागा थोड्या आणि माणसे शंभरेक. १९७० च्या सुमारास तेथे हाणामाऱ्यांपर्यंत पाळी आली होती. मग दहाएक वर्षे चुकतमाकत त्यांनी एक व्यवस्था बसविली. मासेमारीच्या सर्व जागांना नावे देऊन त्यांची यादी केली. एकाच्या जाळ्याने दुसऱ्याचा मासा अडू नये एवढे अंतर दोन जागांत ठेवले. सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकावयाच्या, आणि मग जानेवारीपर्यंत प्रत्येकाने रोज एक जागा पूर्वेकडे सरकावयाचे. जानेवारीनंतर मे महिन्यापर्यंत पश्चिमेकडे, कारण मासाही तेव्हा उलट्या दिशेने जातो. एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीने आपल्या १९९० च्या ग्रंथात हे उदाहरण दिले, आणि सामाईक संपत्तीच्या व्यवस्थेवरील अभ्यासाबद्दल त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपली चांगल्या जागेची पाळी चुकू नये म्हणून प्रत्येक जण दुसऱ्यावर लक्ष ठेवी. वेगळ्या पहारेकऱ्याची फारशी गरज उरली नव्हती.

रीतीची ही बाजू गौरवाची झाली. पण जुन्या जाणत्यांच्या रीतीला दुसरी बाजूही आहे, आणि ती लपविणे योग्य नव्हे. अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्यावर शेवंड धरणाऱ्यांच्या टोळ्यांचा अभ्यास जेम्स ॲचेसन यांनी केला. त्यांचे पुस्तक १९८८ मध्ये निघाले. सरकारी परवाना असला तरी बंदरातल्या जुन्या मंडळींनी स्वीकारल्याखेरीज नवागताला पिंजरे टाकता येत नसत. टाकलेच तर त्याच्या बोयाच्या दांडीला दोरीची गाठ मारलेली आढळे. तो इशारा. त्यानेही समजले नाही तर पिंजऱ्याची दोरी कापली जाई आणि पिंजरा तळाशी जाई. हाही शेजारधर्मच, पण आतल्यांपुरता. आधी आलेल्याचा मान आणि आधी आलेल्याची मालकी यांतील रेघ फार पुसट असते. रोज येणारे चौघे नेहमीच्या जागेवर पिशवी ठेवून चहाला जातात, पाचव्याला ‘ही जागा धरलेली आहे’ असे सांगतात, तेव्हा ती रेघ ओलांडली गेलेली असते. आपल्या खाडीपुलांवर आणि धक्क्यांवर हे घडत नाही असे कोणी म्हणू नये. आणि तेथे गळ टाकणारे सारेच हौशी नसतात. पुष्कळांच्या घरी संध्याकाळचे कालवण त्याच दोरीला लोंबकळत असते. धरलेल्या जागेची किंमत त्यांना अधिक पडते.

म्हणून माझ्या मते रीत चांगली की वाईट याची कसोटी एकच. ती नव्याला आत घेते की बाहेर ठेवते? स्कॉटलंडच्या डोहात नवागत मागून उतरतो, पण त्याला सबंध डोह मिळतो. रशियन नदीवर ओरडणाऱ्याला त्याचे गाव कोणी विचारीत नाही. विदमच्या काठी चिठ्ठी उघडेपर्यंत जुना आणि नवा सारखेच. याउलट जेथे रीत कोणी सांगत नाही, केवळ मोडल्यावर रागावतात, तेथे ती रीत राहत नाही, कुंपण होते. सरकारने पुलावर खुंट्या ठोकाव्यात असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे खुंटी आली की पावती येते, आणि पावती आली की ती विकणारा येतो. पण जुन्या मंडळींनी दोन शब्द आधी बोलण्यास पावती लागत नाही.

त्या दिवशी पुलावर गुंता सोडविण्यास चांगली वीस मिनिटे लागली. काकांनी त्या तरुणाची दोरी कापली नाही. आपलीच कापली, कारण ती स्वस्त होती. मग त्याचे शिसे तळहातावर घेऊन तोलून पाहिले आणि म्हणाले, “हे तळ्यातलं आहे बाळा, खाडीत हे वाहणारच. याच्या दुप्पट लाव, आणि समोर टाक, तिरकं नको.” तरुणाने पिशवीत शोधले; जड शिसे त्याच्याजवळ नव्हते. काकांनी आपल्या डब्यातले एक काढून दिले. पुढे पाणी फिरले, भरती सुरू झाली, तेव्हा सारी मंडळी डबे-पिशव्या उचलून रस्ता ओलांडून पलीकडच्या कठड्याला गेली. तीही त्याच क्रमाने उभी राहिली, आणि त्या क्रमात आता एक माणूस अधिक होता. मासा तोवर कोणालाच लागलेला नव्हता.