चाकांवरचे घर

छत्रपती संभाजीनगर या शहरापासून, म्हणजेच पूर्वीच्या औरंगाबादपासून, सुमारे ३० किलोमीटर अंतरावर वेरूळची लेणी आहेत. त्यांतील कैलास लेणे तुम्ही पाहिले असेल. निदान त्याचे चित्र तरी पाहिले असेलच. राष्ट्रकूट राजांच्या काळी, आठव्या शतकात, कारागिरांनी डोंगराचा कातळ वरून खाली कोरीत नेला आणि त्यातून हे प्रचंड मंदिर साकार केले. शेकडो पावसाळे त्यावरून गेले. सहस्रावधी लोक त्याच्या प्रांगणात वावरतात. परंतु ते मंदिर तसूभरही हालत नाही. ते भूमीवर नुसते ठेवलेले नाही. ते भूमीचाच एक भाग आहे.

आता याच्या अगदी उलट प्रकारचे एक घर डोळ्यांपुढे आणा. या घराला पाया नाही, चाके आहेत. आत दोन-चार माणसांना निजता येईल एवढी जागा, स्वयंपाकासाठी लहानसा ओटा, पाण्याची टाकी आणि सामानाची कपाटे आहेत. मोटारीच्या मागे जोडून ते गावोगाव ओढीत नेता येते. अशा घराला ट्रेलर किंवा कॅराव्हॅन असे म्हणतात. ज्या घराला स्वतःचे यंत्र असते, त्यालाही आपल्याकडे कॅराव्हॅन या नावाने ओळखतात. परदेशांत प्रवासी अशा घरांतून दूरवर हिंडतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले.

अशा घरातून वेरूळ, म्हैसमाळ, पैठण असा प्रवास करावा आणि रात्री एखाद्या मोकळ्या जागी मुक्काम करावा, ही कल्पना मोठी रम्य वाटते. परंतु मुक्कामाला थांबल्यावर एक अडचण ध्यानात येते. आतले एक माणूस कूस वळले, की दुसऱ्याची झोप मोडते. कोणी दारातून आत पाऊल टाकले, की सारे घर डुलते. चुलीवरचे दूध हिंदकळते. गाडी तर उभी आहे. मग ती हालते का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम आपली बैलगाडी पाहू. तिला दोनच चाके असतात आणि ती एकाच आसावर फिरतात. बैल सोडले, की गाडीवान पुढच्या बाजूला लाकडाचा टेकू देतो. टेकू दिलेला असतानाही कोणी अगदी मागच्या टोकाला चढून बसला, तर गाडी उलाळ होते. म्हणजे तिची पुढची बाजू वर उचलली जाते आणि मागची खाली टेकते. ओढून नेण्याच्या लहान ट्रेलरलाही बहुधा एकच आस असतो. त्यामुळे तोही आसावर तोललेल्या तराजूसारखा असतो. भार पुढे गेला की पुढची बाजू झुकते, मागे गेला की मागची.

परंतु ट्रेलरमध्ये आणखी एक गोष्ट असते, जी साध्या बैलगाडीत नसते. ती म्हणजे कमान. पोलादी पाटे एकावर एक बसवून ही कमान तयार करतात आणि आस व घराचा सांगाडा यांच्यामध्ये ती बसवितात. रस्त्यातील खड्ड्यात चाक आदळले, की कमान दबते आणि धक्का स्वतः सोसते. चाकांतील हवाही तेच काम करते. म्हणूनच प्रवासात कपाटातील भांडी फुटत नाहीत व घराचे सांधे खिळखिळे होत नाहीत.

खरी गोम येथेच आहे. धक्का खालून आला काय किंवा वरून आला काय, कमानीला त्यातील भेद कळत नाही. गाडी धावत असताना ती रस्त्याच्या धक्क्याने दबते; गाडी उभी असताना ती माणसाच्या पावलाने दबते. दबलेली कमान पुन्हा उसळी घेते आणि घर हेलकावते. जो गुण प्रवासात उपकारक, तोच मुक्कामात उपद्रवकारक ठरतो.

हा हेलकावा कधीकधी वाढतच का जातो, हेही समजून घेतले पाहिजे. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला आपण झोका देतो, तेव्हा फार जोर लावावा लागत नाही. झोपाळा मागे येऊन परत फिरू लागला, की नेमक्या त्या क्षणी हलकेच ढकलले तरी पुरते. झोका उंच उंच जातो. कमानीवरच्या घरालाही डुलण्याचा स्वतःचा एक ठेका असतो. माणूस चालताना एका सेकंदात सुमारे दोन पावले टाकतो. हा पावलांचा ठेका घराच्या ठेक्याशी जुळला, म्हणजे लहान मूल चालले तरी सारे घर डोलू लागते.

ही केवळ झोपेची गैरसोय आहे, असे कोणी म्हणेल. पण ते तितकेसे खरे नाही. चाकांवर केवळ प्रवाशांची घरेच असतात असे नव्हे. खेड्यापाड्यांत फिरते दवाखाने जातात. रक्तदान शिबिरांच्या ठिकाणी रक्त घेण्याच्या गाड्या उभ्या राहतात. तेथे परिचारिका रक्तदात्याच्या शिरेत सुई घालीत असताना गाडी हेलकावली, तर काय होईल याचा विचार करा. सुईची जागा चुकेल आणि माणसाला नाहक इजा होईल.

दुसरे उदाहरण फिरत्या सिनेमाचे. महाराष्ट्रातील जत्रांमध्ये तंबूत सिनेमा दाखविणारी मंडळी आपले यंत्र मालमोटारीवरच बसवीत आणि तेथून तंबूतील पडद्यावर प्रकाश टाकीत. समजा, पडदा २० मीटर दूर आहे. यंत्र किंचित कलले, इतके किंचित की १ मीटर लांबीच्या पट्टीचे टोक केवळ १ मिलिमीटर वर उचलले जावे. तेवढ्याने पडद्यावरील चित्र २० मिलिमीटर, म्हणजे २ सेंटिमीटर सरकते. मुळाशी झालेली अल्पशी हालचाल टोकाशी अशी मोठी होऊन दिसते. रात्री विजेरीचा झोत दूरच्या भिंतीवर टाकून मनगट थोडेसे हालवा, म्हणजे हे तुम्हांला लगेच पटेल.

यावर उपाय काय? कारण नीट कळले, की उपाय आपोआप सुचतो. कमान काढून टाकता येत नाही, कारण उद्या पुन्हा प्रवास करावयाचा आहे. मग मुक्कामापुरते एवढेच करावयाचे, की घराचा भार कमानीला वगळून थेट भूमीवर टेकवावयाचा. हे काम मात्र क्रमाने केले पाहिजे.

पहिली गोष्ट जागेची निवड. जागा शक्यतो सपाट आणि घट्ट असावी. गवंडी ओटा बांधताना पाणसळ लावून पाहतो; त्याचप्रमाणे घरातही पाणसळ ठेवून पाहावे. एक बाजू खाली असेल, तर त्या बाजूच्या चाकाखाली जाड फळी घालून गाडी तीवर चढवावी.

दुसरी गोष्ट उटीची. चाकाच्या पुढे आणि मागे लाकडी पाचर किंवा धोंडा घट्ट बसवितात, त्याला उटी म्हणतात. ट्रेलर मोटारीपासून सोडविण्याच्या आधीच उटी लावली पाहिजे. हा क्रम कधीही बदलू नये. उतारावर उटीविना सोडलेला ट्रेलर घरंगळत जाऊन माणसाचा जीव घेऊ शकतो. उटी लावल्याने चाक घरंगळत नाही आणि घराची मागे-पुढे होणारी हालचालही कमी होते. त्यानंतर ट्रेलर सोडवून त्याची पुढची बाजू वर-खाली करावी व पाणसळ पुन्हा पाहावी.

तिसरी गोष्ट पायांची. घराच्या चारही कोपऱ्यांखाली जॅकसारखे लोखंडी पाय असतात. ते खाली सोडून भूमीला टेकवावे आणि आणखी थोडे आवळावे, म्हणजे कमानीवरचा ताण काहीसा हलका होतो. परंतु चाके अधांतरी उचलण्याचा मोह धरू नये. हे पाय घर स्थिर ठेवण्यासाठी केलेले असतात, सारे घर उचलून धरण्यासाठी नव्हेत. शिवाय चाके भूमीला टेकलेली नसतील, तर उटीचा काय उपयोग? नुसत्या जॅकवर उचललेल्या कोणत्याही गाडीखाली शिरू नये, हेही येथेच सांगून ठेवले पाहिजे.

आता पायांखालच्या मातीचा विचार करू. मराठवाड्यात अनेक ठिकाणी काळी माती आहे. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून तिला भेगा पडतात. पावसात तर ती लोण्यासारखी मऊ होते. समजा, एका लोखंडी पायावर १८० किलोग्रॅम भार आला आणि त्या पायाचा तळवा १० सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद आहे. तळव्याचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर झाले. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर १.८ किलोग्रॅम भार पडला. आता त्याखाली ३० सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद अशी मजबूत फळी ठेवली, तर तोच भार ९०० चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दर चौरस सेंटिमीटरवर केवळ ०.२ किलोग्रॅम उरतो. फळीने भार नऊपट पसरविला. त्यामुळे पाय मातीत रुतण्याचे भय पुष्कळच कमी झाले. मुरमाड जमीन मिळाली, तर अधिकच उत्तम.

एवढे करूनही घर थोडेसे डुलतेच. वर-खाली होणे थांबलेले असते, परंतु आडवा झोल उरतो. याचे कारण एका लहान प्रयोगाने कळते. बांबूच्या चार कामट्या घ्या आणि त्यांची टोके दोऱ्याने बांधून एक चौकोन करा. तो बाजूने ढकलला, की सहज तिरका होतो. आता पाचवी कामटी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना कर्णासारखी बांधा. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. आता तो तिरका करून पाहा. तो दाद देत नाही. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची लांबी ठरलेली असली, म्हणजे त्याचा आकार बदलू शकत नाही. पत्र्याच्या छपराखालील कैच्यांमध्ये तिरप्या पट्ट्या असतात त्या याचसाठी. ट्रेलरचे उभे पाय आणि त्याचा सांगाडा यांच्यामध्येही अशाच तिरप्या पट्ट्या घट्ट बसविल्या, की हा उरलेला झोल बहुतांशी नाहीसा होतो.

शेवटी वारा आणि सामान यांच्याकडे पाहावे. वळवाच्या पावसाआधी सोसाट्याचा वारा सुटतो. ट्रेलरची लांब बाजू वाऱ्याला आडवी असेल, तर ती शिडासारखी वारा अडविते. म्हणून अरुंद बाजू वाऱ्याकडे करून ट्रेलर उभा करावा. जड सामान खाली आणि आसाच्या जवळपास ठेवावे. माळ्यावर ठेवलेले जड ओझे प्रत्येक हेलकाव्याला अधिकच झोक देते.

मुक्काम हलविताना सारा क्रम उलट करावा. तिरप्या पट्ट्या सोडवाव्या, पाय वर घ्यावे, ट्रेलर मोटारीला पक्का जोडावा आणि सर्वांत शेवटी उट्या काढाव्या. मग चाके फिरू लागतात आणि रात्रभर विसावा घेतलेली कमान पुन्हा आपले काम करू लागते.

कैलास लेण्याचे स्थैर्य त्याला कातळाने दिले. चाकांवरच्या घराला ते दर मुक्कामी नव्याने मिळवावे लागते. त्यासाठी अफाट शक्ती लागत नाही. चार फळ्या, चार उट्या, चार पाय आणि काही तिरप्या पट्ट्या पुरतात. मात्र घर का हालते, हे आधी ओळखावे लागते आणि मग प्रत्येक गोष्ट तिच्या क्रमाने करण्याची शिस्त अंगी बाणवावी लागते.

स्वाध्याय

१. कमान प्रवासात उपकारक आणि मुक्कामात उपद्रवकारक का ठरते?
२. ट्रेलर मोटारीपासून सोडविण्याच्या आधीच उटी का लावावी?
३. लोखंडी पायाखाली ४० सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद फळी ठेवली, तर १८० किलोग्रॅम भारापैकी दर चौरस सेंटिमीटरवर किती भार पडेल?
४. कामट्यांचा प्रयोग करून पाहा आणि तुमच्या घरात किंवा शाळेत त्रिकोणाचा असा उपयोग कोठे केलेला आहे, ते शोधून लिहा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : तसूभर, अधांतरी, उलाळ, घरंगळणे, दाद न देणे.