प्रतिसादाची जागा : वर्गातील चित्रपट आणि एक वही

पदवीच्या वर्गात मराठी शिकवताना साहित्याबरोबर आता चित्रपटही शिकवावा लागतो. आमच्याकडे तृतीय वर्षाला तशी एक अभ्यासपत्रिका आहे. चित्रपट वर्गात दाखवायचा आणि विद्यार्थ्याने त्यावर आपला 'वैयक्तिक प्रतिसाद' वहीत लिहून द्यायचा. त्याला अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण. प्रश्न वरवर निरुपद्रवी दिसतो : चित्रपट पाहून तुम्हाला काय वाटले? परंतु एकाच बाकावर बसलेल्या दोघांना हा प्रश्न विचारला की तो एकच प्रश्न राहत नाही. एकाला तो त्याचे मत विचारतो. दुसऱ्याला तो त्याची जात विचारतो. हा फरक कसा पडतो, ते एका विद्यार्थिनीच्या वहीच्या आधारे येथे मांडायचे आहे. वही तिच्या संमतीने वापरतो आहे. नाव देण्याचे कारण नाही.

प्रथम सर्वसाधारण वह्यांविषयी. त्यांतली भाषा ठरलेली असते. दिग्दर्शकाने ज्वलंत समस्येवर प्रकाशझोत टाकलेला असतो, अभिनय जिवंत असतो, छायाचित्रण नेत्रसुखद असते आणि शेवट अंतर्मुख करणारा असतो. मुले गाईडमधून उतरवतात अशी तक्रार शिक्षकांच्या खोलीत नेहमी ऐकू येते. मला ती अर्धवट वाटते. ही भाषा पुष्कळांना आडोशासारखी उपयोगी पडते. 'मी' असे लिहिले की पुढे आपली वस्ती, आपले घर, बापाचे काम हे सारे ओळीने येऊन उभे राहते, आणि ती वही चारचौघांच्या हातून फिरणार असते. तेव्हा 'मी'च्या जागी 'प्रेक्षक' लिहिणे शहाणपणाचे. सवर्ण विद्यार्थीही तीच भाषा वापरतो, पण त्याचे कारण वेगळे. प्रेक्षक म्हणून आपल्यालाही एक जात आहे, हे त्याला कुणी कधी विचारलेलेच नसते.

या विषयाला आपल्याकडे 'चित्रपट-रसास्वाद' म्हणतात. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. सतीश बहादुर यांच्यासारख्या शिक्षकाने पुण्यात चित्रपट कसा वाचावा हे पिढ्यांना शिकवले. दृश्य कुठे तोडले, आवाज कुठून आला, कॅमेरा कुणाच्या उंचीवर ठेवला, हे ज्ञान मोलाचे आहे आणि मीही तेच शिकवतो. पण शब्दाकडे जरा पाहा. रस, आस्वाद, चव : ही सगळी पंगतीची भाषा आहे. पंगतीत कोण बसत होते आणि उष्ट्यासाठी बाहेर कोण थांबत होते, हे आपल्याला निराळे सांगावे लागू नये. साहित्याच्या क्षेत्रात हा वाद आपण केला. आनंद हे दलित साहित्याचे प्रयोजन असू शकत नाही, हे शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात ठामपणे मांडले. चित्रपटाच्या तासाला मात्र तो वाद अजून पुरता पोचलेला नाही. तेथे 'सहृदय रसिक' अजून निवांत बसून आहे.

प्रत्येक चित्रपट पाहणाऱ्याला बसायला एक जागा देतो, हे मी वर्गाला पहिल्या दिवशी सांगतो. त्या जागेवरून दिसते तेवढेच दिसते. आम्ही सुरुवात केली 'अछूत कन्या'पासून (१९३६, बॉम्बे टॉकीज, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन). मोटारीतून आलेले एक जोडपे रेल्वेच्या फाटकाशी थांबते, तेथे कस्तुरीचे स्मारक असते आणि तिची कथा मागे जाऊन उलगडते. फाटकवाल्याची ही मुलगी शेवटी गाडी थांबवताना मरते. माझ्या विद्यार्थिनीने देविका राणीच्या अभिनयाबद्दल काही लिहिले नाही. तिने लिहिले : आम्हाला मोटारीत बसवले आहे. मोटारीतून उतरायचे, गोष्ट ऐकायची, हळहळायचे आणि फाटक उघडले की पुढे जायचे. फाटकाजवळच्या घरात आम्हाला बसवले असते तर गोष्ट कस्तुरीच्या मरणावर संपली नसती, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटक उघडायला कुणीतरी उठावेच लागले असते.

त्याच १९३६ साली बाबासाहेबांचे जातिनिर्मूलनावरचे भाषण लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने रद्द केले आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापून प्रसिद्ध केले, हे मी वर्गात सांगितले. एकाच वर्षातल्या या दोन कृती. एक सांगते की अस्पृश्य मुलगी मेली की समाजाचे हृदय द्रवते. दुसरी सांगते की हृदयाचा येथे प्रश्नच नाही. ज्या शास्त्रांवर जात उभी आहे त्यांचे प्रामाण्य नष्ट करा. चित्रपटाने पहिली वाट धरली, आणि त्यानंतरही दीर्घकाळ सोडली नाही.

बिमल रॉय यांचा 'सुजाता' (१९५९) हे त्याचे पुढचे पाऊल. अस्पृश्य मातापित्यांची अनाथ मुलगी ब्राह्मण घरात वाढते. घरची माणसे तिची ओळख मुलगी म्हणून करून देत नाहीत, 'मुलीसारखी' म्हणून करून देतात. शेवटी आईला रक्ताची गरज पडते, रक्त सुजाताचेच जुळते, आणि मग आईचे मन पालटते. रक्ताला जात नसते हा संदेश म्हणून निम्म्या वर्गाने हा प्रसंग उचलून धरला. वहीत दोनच ओळी होत्या : रक्त दिल्यावर ती मुलगी झाली, तोवर 'सारखी' होती. हे 'सारखी' पुसायला आमच्याकडून दर वेळी किती बाटल्या घेणार? नूतनचे काम मला स्वतःला अतिशय आवडते आणि त्या आवडीत काही बदल झालेला नाही. परंतु या दोन ओळींनंतर रुग्णालयाचा तो प्रसंग मला पूर्वीसारखा दिसत नाही.

यानंतर सत्यजित राय यांचा 'सद्गती'. प्रेमचंदांच्या कथेवरून १९८१ साली दूरदर्शनसाठी केलेला, तासाभराच्या आतला चित्रपट. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला दुखी ब्राह्मणाकडे जातो. ब्राह्मण त्याला उपाशीपोटी ओंडका फोडायला लावतो. दुखी तेथेच मरतो. प्रेताला हात लागू नये म्हणून ब्राह्मण त्याच्या पायात दोरी अडकवून ते ओढत नेतो आणि मग जागा शुद्ध करून घेतो. ओम पुरी, स्मिता पाटील, मोहन आगाशे. वर्ग सुन्न होता. जवळजवळ प्रत्येक वहीत ते ओढत नेलेले प्रेत होते आणि त्याभोवती करुणा होती.

तिच्या वहीत प्रेताचा उल्लेख ओझरता होता. तिने लिहिले होते ते वस्तीबद्दल. पोलिसांची चौकशी होईल असे गोंडाने बजावलेले असल्याने दुखीचे जातभाई प्रेत उचलायला जात नाहीत. चित्रपटात हा प्रसंग काही मध्यवर्ती नाही, त्याचे संगीत नाही, त्यावर कुणी निबंध लिहीत नाही. ती म्हणते, मला हाच चित्रपट वाटला. मेलेली ढोरे ओढण्याचे काम ज्यांच्या माथी मारले त्यांनी एक दिवस सांगितले की आम्ही येणार नाही, आणि मग ब्राह्मणाला स्वतः दोरी धरावी लागली. तिला त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे महत्त्वाचे वाटले. समीक्षेच्या भाषेत सांगायचे तर बाकीच्या वर्गाने कारुण्य वाचले, तिने नकार वाचला. आणि नकार चित्रपटात आहे, तिने तो बाहेरून आणलेला नाही. वैयक्तिक प्रतिसाद म्हणजे मनाला येईल ते, असा जो गैरसमज आहे त्याला हे उत्तर आहे. तिच्या जागेवरून पडद्याचा जो कोपरा दिसला, तो इतरांच्या जागेवरून दिसत नव्हता.

येथे 'वैयक्तिक' या शब्दाबद्दल थोडे बोलले पाहिजे. आमच्या वस्तीत चित्रपट वैयक्तिक कधी नव्हताच. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) मी पहिल्यांदा पाहिला तो १४ एप्रिलच्या सुमारास, विहारासमोर, भाड्याने आणलेल्या टीव्हीवर. महाडच्या तळ्याचा प्रसंग आला तेव्हा म्हातारी माणसे उठून उभी राहिली, बायांनी हात जोडले, मागून 'जय भीम' घुमले. मामुट्टी हा मल्याळी नट आहे याची तेथे कुणाला पर्वा नव्हती. प्रतिसाद सर्वांचा होता, मोठ्याने होता, आणि त्याला गुण नव्हते. वर्गातला प्रतिसाद एकट्याचा, मुका आणि गुणांसाठी असतो. पहिली पिढी शिकायला येते तेव्हा पाहण्याची तिची जुनी रीत दाराबाहेर राहते, हे शिकवणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे.

सर्वांत अवघड वही 'फँड्री'ची (२०१३). नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट पुष्कळांनी आधीच पाहिलेला असतो. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्या आणि त्याचे कुटुंब गावासमोर डुक्कर पकडतात, गाव बसून मजा पाहते; शाळेत राष्ट्रगीत सुरू होते तेव्हा हे कुटुंब पाठलाग थांबवून ताठ उभे राहते; पुढे बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते ज्या भिंतीवरून जातात तिच्यावर बाबासाहेब आणि सावित्रीबाई रंगवलेल्या आहेत. शेवटी जब्याचा दगड थेट आपल्या दिशेने येतो. बेनेगलांच्या 'अंकुर'मध्ये (१९७४) शेवटी एक मुलगा दगड मारतो तो जमीनदाराच्या खिडकीवर. चाळीस वर्षांत दगडाची दिशा बदलली, यावर मी एक तास बोललो.

तिने दगडाबद्दल नंतर लिहिले. आधी लिहिले ते हशाबद्दल. डुकराच्या मागे धावताना वर्गातली काही मुले हसली. तिने लिहिले की त्या क्षणापासून मी पडदा पाहिला नाही, मी पाठीमागचा वर्ग ऐकत होते. कोण हसते ते आवाजावरून ओळखत होते. एवढ्यावर ती थांबली असती तर वही सोपी होती. पुढच्या पानावर ती लिहिते : त्या हसण्यात एक आवाज आमच्या वस्तीतल्या मुलाचा होता. आमच्या गावी डुकरे पाळणाऱ्यांची दोन पाले आहेत. आम्ही बौद्ध, आमच्या घरी भिंतीवर बाबासाहेब आहेत, आणि माझी आई त्या बायांना ओट्यावर बसू देत नाही. मग ती भिंत कुणाची? दगड माझ्याकडे आला नसता असे मला म्हणता येत नाही.

हे वाचून मी काही काळ वही मिटून ठेवली. आपल्या चळवळीत ज्या गोष्टी दबक्या आवाजात बोलल्या जातात त्यांपैकी ही एक. कैकाड्यांना इंग्रजांनी गुन्हेगार जमात ठरवले, तो कायदा १९५२ साली गेला; आज विदर्भातील काही जिल्ह्यांत ते अनुसूचित जातीत धरले जातात आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. कागदावरची ही फाळणी गावातही वेगळ्या रूपाने असतेच. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले तेव्हा आपण त्याचे स्वागत केले, पण पालापर्यंत जाणारी वाट त्यामुळे रुळली असे म्हणवत नाही. हे सगळे मी व्याख्यानातून सांगितले असते तर मुलांनी टिपून घेतले असते. तिने ते स्वतःच्या ओट्यावर पाहिले.

या वहीला मी २० पैकी १८ गुण दिले. एका सहकाऱ्याचे म्हणणे पडले की हा रसास्वाद नव्हे, आत्मकथन आहे. छायाचित्रणावर एक वाक्य नाही. त्यांना मी एवढेच म्हणालो की आवाज कुठून आला हे ओळखणे हाच आमच्या पाठ्यक्रमातला चौथा घटक आहे, आणि तिने तो वर्गालाही लावून दाखवला आहे.

परंतु दुसरा धोका मला अधिक मोठा वाटतो. दलित विषयावरचा चित्रपट दाखवायचा आणि दलित विद्यार्थ्याकडे वळून 'आता तू सांग' म्हणायचे. त्याने आपले दुःख उलगडायचे, इतरांनी ऐकून समृद्ध व्हायचे. ही जुनीच बलुतेदारी झाली. पूर्वी सांगावा पोचवायचा, आता अनुभव पोचवायचा. म्हणून काय वाटले असा प्रश्न मी घालत नाही. चित्रपटाने तुम्हाला कुठे बसवले, तेथे तुम्ही बसलात का, आणि तुमचे लक्ष पडद्यावरून केव्हा ढळले, असे मी विचारतो, आणि ते सर्वांना विचारतो. एका पाटलाच्या मुलाने 'फँड्री'वर लिहिले की दगड आला तेव्हा मला राग आला, मी कुणाला काय केले होते? ही वही मला आवडली. करुणेच्या दहा पानांपेक्षा तो राग खरा होता, आणि त्याच्याशी पुढे बोलता आले. तो अजून बोलतो आहे.

सत्राच्या शेवटी विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या चित्रपटावर लिहायचे असते. मला वाटले होते ती 'कोर्ट' (२०१४) घेईल, कारण त्यातले शाहीर झालेले वीरा साथीदार चळवळीतले म्हणून तिला ठाऊक होते. तिने 'पिंजरा' (१९७२) घेतला. नेहमी आम्हालाच आमच्यावरचे चित्रपट का, असे तिचे म्हणणे. व्ही. शांतारामांच्या या चित्रपटात जातीचा विषय निघत नाही. आदर्श गुरुजी तमाशातल्या बाईमुळे घसरतो, गाव त्याला मेलेला समजून त्याचा पुतळा उभारते, आणि पुतळा टिकावा म्हणून तो स्वतःच्या खुनाची शिक्षा पत्करतो. प्रेक्षकाला जागा मिळते ती गुरुजीच्या शेजारी. चंद्रकला कुठल्या गावची, कुणाची, हे आपण विचारत नाही. तमाशाचे फड बव्हंशी महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी उभे केले, हे तिने कोठून तरी वाचून काढले होते.

नोंद अजून पुरी झालेली नाही. आतापर्यंत दीड पान आहे. त्यात लिहिले आहे की तिच्या आजीच्या माहेरचा फड होता, आणि टीव्हीवर 'पिंजरा' लागला की आजी काही न बोलता उठून मागच्या दारी जाऊन बसायची. तिने आजीला कारण विचारले आहे. आजीने अजून सांगितलेले नाही.