जेत्यावर रोष, उपविजेत्यावर लोभ

दरवर्षी उन्हाळ्यात तीन आठवडे फ्रान्सच्या रस्त्यांवरून चालणाऱ्या ‘टूर द फ्रान्स’ या सायकल-शर्यतीत जो वारंवार जिंकतो त्याच्यावर लोक रुसतात आणि जो वारंवार हरतो त्याला डोक्यावर घेतात, हे पाहून त्रयस्थ माणूस बुचकळ्यात पडतो. आणि मग या लोकवृत्तीची जी कारणे तो घाईने मांडतो, ती बहुधा अपुरी तरी असतात किंवा सपशेल चुकीची तरी. जाक आंक्तिल आणि रेमों पुलिदोर या दोघांपायी १९६०च्या दशकात फ्रेंच रसिकांचे दोन तट पडले होते. त्यांचे प्रकरण दाखल्यादाखल घेतले म्हणजे यातला बराच गुंता उकलतो.

गैरसमज : लोकांचा रोष परदेशी जेत्यावरच असतो.

वस्तुस्थिती : बेल्जियमच्या एडी मर्क्सला आणि ब्रिटनच्या क्रिस फ्रूमला फ्रान्समध्ये प्रेक्षकांचा उपद्रव सोसावा लागला, हे खरे, परंतु आंक्तिल तर नॉर्मंडीचा, अस्सल फ्रेंच, आणि १९५७ साली व पुढे १९६१ ते १९६४ अशी सलग चार वर्षे मिळून ही शर्यत पाच वेळा जिंकणारा पहिला पुरुष. तरीही १९५९ साली, स्पेनच्या बाहामोन्तेसने शर्यत जिंकली तेव्हा, आंक्तिलने स्वदेशाच्याच आंग्लादला जाणूनबुजून जिंकू दिले नाही अशा समजाने पॅरिसच्या ‘पार्क दे प्रँस’ मैदानात जमलेल्या समुदायाने शिट्ट्या वाजवून त्याची निर्भर्त्सना केली. त्यानेही मग आपल्या नौकेला ‘शिट्ट्या ५९’ हेच नाव देऊन त्या अपमानाची परतफेड केली.

गैरसमज : आंक्तिल धनिक नागर आणि पुलिदोर गरीब शेतकरी, म्हणून गरिबांनी गरिबाचा पक्ष घेतला.

वस्तुस्थिती : पुलिदोर हा क्रूझ प्रांतात अर्धेलीने जमीन कसणाऱ्या कुळाचा मुलगा, यात वाद नाही, पण आंक्तिलचा बापही मूळचा गवंडी, पुढे रूआँनजीक स्ट्रॉबेरीची लागवड करणारा. म्हणजे दोघेही मातीतलेच. भेद होता तो वर्तनाचा : एकाची चाल हिशेबी, संयत, मुद्रेवर श्रमाची रेषाही न उमटू देणारी, तर दुसऱ्याचे कष्ट रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पोरासोरांनाही दिसणारे.

गैरसमज : पुलिदोर दुबळा होता आणि दैवाने त्याला लुबाडले.

वस्तुस्थिती : ज्याने १९६१ साली ‘मिलान–सान रेमो’ आणि १९६४ साली स्पेनची ‘व्हुएल्ता’ जिंकली, आणि जो ‘टूर’मध्ये आठ वेळा पहिल्या तिघांत आला, त्याला दुबळा कोण म्हणेल? आघाडीवर असणाऱ्याला मिळणारी पिवळी जर्सी मात्र त्याला एक दिवसही लाभली नाही. १२ जुलै १९६४ रोजी प्वी-द-दोमच्या चढावर दोघे खांद्याला खांदा भिडवून झुंजले. अखेरीस पुलिदोरने ४२ सेकंद कमावले, पण आंक्तिलपाशी १४ सेकंदांची आघाडी उरलीच, आणि पॅरिसला पोहोचेतो ती ५५ सेकंदांची झाली. आता त्याच शर्यतीतला मोनॅकोचा टप्पा आठवावा : धावपट्टीची एक फेरी शिल्लक असताना पुलिदोरला शर्यत संपली असे वाटले, आणि टप्पा जिंकून एका मिनिटाची सवलत आंक्तिलने पदरात पाडून घेतली. ही दैवाची आगळीक नव्हे, स्वतःचीच गफलत होय. आणि लोकांनी ती माफ केली, कारण अशी गफलत प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी घडलेली असते.

गैरसमज : जितके विजय अधिक तितका मत्सर अधिक, आणि तो कायमचा.

वस्तुस्थिती : मत्सर मुळीच नसतो असे नाही, परंतु शर्यतीचा निकाल आधीच लागल्यासारखा वाटू लागला की प्रेक्षकाला आपले रस्त्यावर येऊन उभे राहणे व्यर्थ वाटते, आणि बव्हंशी त्याचा राग या व्यर्थतेचा असतो. १९६१ साली आंक्तिलने पहिल्या दिवशी मिळवलेली पिवळी जर्सी अखेरपर्यंत उतरवली नाही, तेव्हा शर्यतीचे संचालक गोदे यांनी आपल्या लेखणीने ज्यांना खुजे ठरवले ते जेत्याचे निमूट प्रतिस्पर्धी होते. मर्क्सला १९७५ साली याच प्वी-द-दोमवर एका प्रेक्षकाने ठोसा मारला; पण पुढे पडून गालाचे हाड मोडल्यावरही तो दुसऱ्या क्रमांकाने पॅरिसला पोहोचला, तेव्हा त्याच्याविषयी आदर वाढला.

आंक्तिलचेही तेच झाले. १९६५ साली आल्प्समधली ‘दोफिने’ शर्यत पुलिदोरला मागे टाकून जिंकल्यावर त्याच रात्री तो बोर्दोला गेला, पावसापाण्यात आणि अंधारात निघाला, वाटेत शर्यत सोडून देण्याच्या बेतात आला, आणि तरीही बोर्दो ते पॅरिस हे सुमारे साडेपाचशे किलोमीटरचे अंतर सर्वांआधी कापून मोकळा झाला. श्रम त्याने या वेळी लपवले नाहीत, किंवा त्याला ते लपवता आले नाहीत. ज्या ‘पार्क दे प्रँस’मध्ये सहा वर्षांपूर्वी शिट्ट्या वाजल्या होत्या, तेथेच त्या दिवशी लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.