एक तबकडी, अनेक विभाग

आपल्या सडक अर्जुनीच्या परिसरांत धानाचें सबंध शेत एकसलग ठेवीत नाहींत. धुरे घालून त्याच्या बांध्या करतात. एक धुरा फुटला तरी सगळ्या शेताचें पाणी वाहून जात नाहीं. संगणकाच्या तबकडीचे, म्हणजे डिस्कचे, विभाग पाडण्याची युक्ति याच जातीची आहे.

युनिक्स प्रणाली १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉमसन व डेनिस रिची यांच्या हातून जन्मास आली. तिच्याच धर्तीची लिनक्स १९९१ सालीं लायनस टोर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें प्रसिद्ध केली. आपल्या देशांत सी-डॅकनें सिद्ध केलेली ‘बॉस’ प्रणाली लिनक्सवरच उभी आहे.

विभाग कशाकरितां पाडावयाचे? घरांत एकच संगणक असतो. त्यांत मुलांचे स्वाध्याय, वडिलांचे हिशेब व कुटुंबाचीं छायाचित्रें असतात. मूळ प्रणाली ‘रूट’ विभागांत व आपलें लेखन ‘होम’ विभागांत ठेविलें, तर प्रणाली बिघडून पुन्हां बसवावी लागली तरी ‘होम’ला धक्का न लावतां तें काम उरकतां येतें. तसेंच, एका विभागांतील नोंदी वाढून तो भरला तरी दुसऱ्यांतील जागा शाबूत राहते.

हे धुरे मातीचे नव्हेत. ते केवळ नोंदींत असतात. सातबारा जसा शेताची नोंद सांगतो, तसा तबकडीच्या आरंभींचा तक्ता प्रत्येक विभाग कोठून कोठवर आहे तें सांगतो. १९८३ सालापासूनच्या जुन्या पद्धतींत पहिल्या ५१२ बाइटांपैकीं ६४ बाइट या तक्त्यास मिळत. प्रत्येक नोंदीस १६ लागत, म्हणून मुख्य विभाग चारच. नव्या ‘जीपीटी’ पद्धतींत सामान्यतः १२८ नोंदी मावतात, आणि तक्त्याची एक प्रत तबकडीच्या शेवटींहि राहते.

आतां कृति पाहूं. प्रथम महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसऱ्या तबकडीवर काढावी. ‘एलएसबीएलके’ या आज्ञेनें तबकड्यांचीं नांवें नीट पाहून घ्यावीं. नांव चुकलें तर भलतीच तबकडी पुसली जाईल. मग ‘एफडिस्क’नें विभाग आंखावे. येथें एक सोय ध्यानांत ठेवण्याजोगी आहे : ‘डब्ल्यू’ हें अक्षर देईपर्यंत तबकडीवर कांहींच लिहिलें जात नाहीं, शंका आल्यास ‘क्यू’ देऊन बाहेर पडावें. पुढें ‘एमकेएफएस’नें विभागांत फाइलींची व्यवस्था मांडावी व ‘माउंट’नें तो विभाग प्रणालीच्या वृक्षास जोडावा. युनिक्समध्यें सर्व विभाग एकाच मुळापासून निघालेल्या वृक्षाच्या फांद्यांप्रमाणें दिसतात.

मात्र विभाग म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. तबकडीच निकामी झाली, तर सर्व विभाग एकदमच जातात. तसेच फार बारीक तुकडेहि पाडूं नयेत. एकींत पाणी मावत नाहीं व दुसरी कोरडी, अशी बांध्यांची गत होते. म्हणून आधीं गरज मोजावी, मग धुरा घालावा.