सम्राटकन्या आग्नेस

घराणें पुत्रानें चालतें असें आपण सहज बोलून जातों. परंतु इसवी सनाच्या बाराव्या शतकांत जर्मनीचें राजपद एका वंशाकडून दुसऱ्या वंशाकडे गेलें तें एका कन्येच्या द्वारें. तिचें नांव आग्नेस. १०७७ सालीं कानोसाच्या गढीपुढें पोपच्या क्षमेसाठीं भर हिंवाळ्यांत तिष्ठत राहिलेला चौथा हेन्री हा तिचा पिता, आणि सव्हॉयची बेर्था ही माता.

त्या कलहांत स्वाबियाचा ड्यूक रुडॉल्फ हेन्रीविरुद्ध उभा राहिला. म्हणून १०७९ मध्यें हेन्रीनें तें पद श्टाउफेन घराण्यांतील फ्रीड्रिख नामक निष्ठावंत सरदारास दिलें, व त्याच वेळीं आपल्या कन्येचा वाङ्‌निश्चय त्याच्याशीं केला. मुलगी तेव्हां सहा-सात वर्षांची होती. पुढें तिला फ्रीड्रिख व कोन्राड हे पुत्र झाले. ११०५ त ती विधवा झाली.

यापुढील प्रसंग वाचतांना मन विषण्ण होतें. तिचा सख्खा भाऊ, धाकटा हेन्री, याच सुमारास पित्याविरुद्ध शस्त्र घेऊन उठला होता. रेगेन नदीवर बापलेकांचीं सैन्यें समोरासमोर आलीं असतां ऑस्ट्रियाचा अधिपति लिओपोल्ड वृद्ध सम्राटाचा पक्ष सोडून गेला. या सेवेचें मोल म्हणून भावानें ११०६ त आग्नेसचा हात त्याच्या हातीं दिला. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत वृद्ध सम्राट् लिएज येथें निवर्तला. ज्यानें बापाला ऐन वेळीं सोडलें त्याच्याच घरीं लेकीनें नांदावयाचें! तिचें मन कोणीं विचारलें असेल असें मला तरी वाटत नाहीं.

आणि तरीही तो संसार तीस वर्षें टिकला. मुलेंबाळें पुष्कळ झालीं. कांहीं बालपणींच गेलीं. क्लोस्टरनॉयबुर्गच्या मठाविषयीं एक गोड आख्यायिका आहे : वाऱ्यानें उडालेलें तिचें शिरोवस्त्र नऊ वर्षांनीं लिओपोल्डास मृगयेंत एका झुडुपावर जसेंच्या तसें सांपडलें, व तेथेंच त्यानें मठ बांधला. मठाची पायाभरणी १११४ ची. कथा अर्थातच मागाहूनची.

११२५ त भाऊ निपुत्रिक वारला आणि पितृवंश खुंटला. खाजगी मालमत्ता भाच्यांकडे आली, पण राजपद मात्र सॅक्सनीच्या लोथारकडे गेलें. भाच्यांनीं दहा वर्षें झुंज दिली. अखेर ११३८ त कोन्राड राजा झाला, आणि आईचीं दोन्हीं घरें एकत्र आलीं. सावत्र भाऊ चौथा लिओपोल्ड यास त्यानें ११३९ त बव्हेरिया दिला; पोलंडहून हद्दपार होऊन आलेल्या सावत्र बहिणीच्या नवऱ्यास आश्रय दिला. दुसरा सावत्र भाऊ ओटो हा फ्राइझिंगचा बिशप झाला. त्या काळच्या जर्मनीचा इतिहास आज आपणांस कळतो तो मुख्यतः याच्या ग्रंथांवरून. सावत्रपणाच्या आपल्याकडील कहाण्या ऐकलेल्यांस हें नवल वाटेल.

११४३ त आग्नेस वारली. चार वर्षांनीं क्रूसेडास निघालेल्या सैन्यांत तिचे कोन्राड, ओटो व हेन्री यासोमिरगोट हे तीन पुत्र, आणि एक नातूही होता. हाच पुढें बार्बारोसा या नांवानें गाजला. ११५२ त तो राजा झाला. चुलता यासोमिरगोट याजकडून बव्हेरिया काढून घेणें त्यास भाग पडलें, तेव्हां ११५६ त मोबदला म्हणून त्यानें ऑस्ट्रियास स्वतंत्र ड्यूकपद दिलें. त्या सनदेंत एक कलम आहे : या पदाचा वारसा पुत्रांप्रमाणें कन्यांसही मिळावा.