सुगंधाचा हिशेब

प्रसाधनाची बाटली हाती आली की ग्राहक प्रथम झाकण उघडून वास घेतो आणि मग किंमत विचारतो. चंदन, गुलाब वा केशराचा दरवळ आला की माल उत्तम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्वचेचा निकष मात्र निराळा आहे. क्रीममधील सुगंधी द्रव्य सहसा त्वचेच्या पोषणासाठी नसते. कच्च्या मालाचा दर्प झाकणे आणि मन प्रसन्न करणे, एवढेच त्याचे कार्य. असे असूनही प्रसाधनांमुळे होणाऱ्या अॅलर्जीच्या प्रमुख कारणांत त्वचारोगतज्ज्ञ सुगंधी द्रव्यांची गणना करतात.

हा त्रास दोन प्रकारचा असतो. पहिला दाह. लावताच चुरचुरते, लाली येते. वापर थांबविला की तो बहुधा शमतो. दुसरा अॅलर्जी, म्हणजेच वावडे. यात शरीराची प्रतिकारशक्ती त्या द्रव्याला शत्रू मानते आणि त्याची ओळख जपून ठेवते. खाज व पुरळ अनेकदा एक-दोन दिवसांनी उमटतात, त्यामुळे दोष भलत्याच वस्तूवर जातो. वर्षानुवर्षांच्या वापरानंतरही हे वावडे उत्पन्न होऊ शकते आणि एकदा जडले की सहसा जन्मभर सुटत नाही. म्हणूनच ‘इतकी वर्षे लावतो, काही झाले नाही’ हा पुरावा पुरेसा ठरत नाही.

‘नैसर्गिक आहे, म्हणून निर्धोक आहे’ हा युक्तिवादही टिकत नाही. लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल, गुलाबातील जिरॅनिऑल ही निसर्गाचीच देणगी. तरीही ती अॅलर्जीकारक द्रव्यांच्या यादीत आहेत. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल त्वचेवर असताना ऊन लागले, तर काळसर चट्टे पडू शकतात.

व्यापाऱ्याने विशेष ध्यानी घ्यावी अशी एक बाब आहे. संत्र्याच्या सालीतील लिमोनिन आणि लॅव्हेंडरमधील लिनालूल ताजेपणी तुलनेने सौम्य असतात. हवेशी संयोग झाल्यावर मात्र त्यांपासून तीव्र अॅलर्जीकारक संयुगे तयार होतात. सैल झाकणाची उघडी बाटली अथवा उन्हात तापणाऱ्या काचेच्या कपाटातील जुना साठा यांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. आधी आलेला माल आधी विकणे, तो थंड जागी ठेवणे आणि मुदत संपलेला माल निर्दयपणे बाजूला काढणे, यात ग्राहकाचे आरोग्य सामावलेले आहे.

युरोपीय संघाने २००३ साली २६ सुगंधी द्रव्यांची नावे वेष्टनावर स्वतंत्रपणे छापण्याचे बंधन घातले. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात ०.००१ टक्क्यांहून आणि धुऊन टाकावयाच्या प्रसाधनात ०.०१ टक्क्यांहून अधिक प्रमाण असल्यास हा नियम लागू होतो. २०२३ मध्ये ही यादी ८० हून अधिक द्रव्यांपर्यंत वाढविण्यात आली. लिलियल या सुगंधी द्रव्यावर तर १ मार्च २०२२ पासून तेथे बंदीच आहे. आपल्याकडील वेष्टनांवर पुष्कळदा ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ एवढा एकच शब्द आढळतो. त्यामागे अनेक द्रव्ये असू शकतात. ‘अनसेंटेड’ या शब्दानेही फसू नये. त्यात दर्प झाकण्यापुरता सुगंध असू शकतो. संवेदनशील त्वचेसाठी ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ असे लिहिलेले प्रसाधन निवडावे आणि घटकांची यादीही वाचावी.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नकली माल देणे. कृत्रिम सुगंधाचे क्रीम ‘शुद्ध चंदनाचे’ म्हणून विकणे याहून वेगळे नाही. मात्र कृत्रिम ते सारे त्याज्य, असेही नव्हे. पारंपरिक कस्तुरी मृगाच्या ग्रंथीतून मिळे. प्रयोगशाळेत तयार झालेली कस्तुरीगंधी द्रव्ये त्या हिंसेपासून मुक्त आहेत. प्रश्न नैसर्गिक की कृत्रिम हा नसून, आत काय आहे हे सांगितले जाते की नाही, हा आहे.

घरोघरी थोडी दक्षता पुरते. तान्ही बाळे, इसब असलेल्या व्यक्ती आणि भेगाळलेले हात यांना सुगंधी प्रसाधनांपासून दूर ठेवावे. नवे क्रीम कोपराच्या आतील बाजूस दिवसातून दोनदा, असे सात ते दहा दिवस लावून पाहावे. पुरळ उठल्यास वापर थांबवावा. पण बाटली फेकू नये, ती त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. पाठीवर पट्ट्या लावून सुमारे दोन दिवसांनी आणि पुन्हा काही दिवसांनी पाहिल्या जाणाऱ्या पॅच टेस्टमधून नेमके द्रव्य बहुधा कळू शकते.

बाळासाठी छान वासाचे क्रीम मागणाऱ्या मातेपुढे दुकानदाराने बिनवासाची डबी ठेवली आणि कारण दोन वाक्यांत सांगितले, तर त्या दिवशीची विक्री कदाचित थोडी घटेल. ते कुटुंब मात्र पुढल्या खरेदीला त्याच दुकानाची पायरी चढेल.