प्रिंटर मुका का होतो?

कामगार संघटनेच्या कचेरीत कागदाची निकड कशी असते, हे श्रोत्यांस वेगळे सांगावयास नको. दुसऱ्या दिवशी सकाळी समेट अधिकाऱ्यांपुढे सुनावणी, आणि आदल्या संध्याकाळी ४२ पानांचे निवेदन छापावयाचे, अशा वेळी आमचा प्रिंटर मुका झाला. दिवा हिरवा, कागद भरलेला. पण तीन संगणकांपैकी एकाचाही हुकूम तो ऐकेना. कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सभासदांनी जागच्या जागी निकाल दिला, "ताईंनीच काहीतरी दाबले असणार." टंकलेखन करणाऱ्या ताईंकडून लेखी खुलासा मागण्यापर्यंत मजल गेली. हेच एखाद्या मालकाने केले असते, तर आम्ही त्याच्या फाटकावर सभा घेतली असती!

वस्तुतः पहिला प्रश्न असा विचारावयास हवा होता : एकच संगणक अडला आहे की सगळे? एकच अडला असेल तर दोष बहुधा त्या संगणकात. तिन्ही एकदम अडले, तर एका मेजावर बसून काम करणाऱ्या बाईंचा त्यात हात असण्याचा संभव फार थोडा. मग दोष शोधावयाचा तो प्रिंटरमध्ये किंवा वाटेत.

ही वाट समजून घेतली पाहिजे. जाळ्यावरच्या प्रिंटरला संगणकाची तार थेट जोडलेली नसते. संगणक आपले काम आधी स्वतःच्या रांगेत ठेवतो, आणि तेथून ते राउटरमार्फत प्रिंटरच्या पत्त्यावर रवाना होते. पत्ता म्हणजे चार आकडे, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२३. हा पत्ता प्रिंटरच्या मालकीचा नसतो. चाळीतल्या गुमास्त्याने भाडेकरूस मुदतीने खोली द्यावी, तसा राउटर तो देतो. या व्यवस्थेस डीएचसीपी म्हणतात. तिचे नियम १९९३ साली प्रसिद्ध झाले. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, की पुष्कळदा भाडेकरूची खोली बदलते. संगणक मात्र जुन्याच दारावर थापा मारीत बसतो, आणि आपण म्हणतो, प्रिंटर उत्तर देत नाही! त्या दिवशी दुपारी आमच्याकडे वीज गेलीच होती.

आमच्यातील एका तरुण कार्यकर्त्याने 'पिंग' करून पाहिले. एखाद्या पत्त्यावर कोणी आहे काय, हे हाक मारून पाहण्याची ही युक्ती. माईक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात अमेरिकेत हा छोटा कार्यक्रम लिहिला, आणि पाणबुडीच्या शोधासाठी पाण्यात सोडतात त्या ध्वनीवरून त्याला नाव दिले. हाकेला ओ आली. झाले! वाट मोकळी, तेव्हा यंत्रच बिघडले, आणि यंत्राला हात लावतात त्या ताई.

परंतु ओ देणारा प्रिंटर नव्हताच. ती खोली दुपारनंतर आमच्या खजिनदारांच्या मोबाइलला मिळाली होती! हे उमगले ते ताईंमुळेच. त्यांनी प्रिंटरच्या स्वतःच्या कळा दाबून त्याच्या मांडणीचे पान छापले. पान स्वच्छ निघाले, म्हणजे यंत्र धडधाकट. आणि त्यावर पत्ता होता अखेरीस ३१ असलेला. संगणकात २३. आकडा बदलताच ४२ पाने बाहेर पडली. पाठोपाठ त्याच पानांच्या आणखी सहा प्रतीही पडल्या, कारण घाबरून प्रत्येकाने पुन्हा पुन्हा हुकूम दिला होता. रांगेतले काम नाहीसे होत नाही, वाट पाहत असते. म्हणून एकदा अडले की दुसऱ्यांदा हुकूम देऊ नये. आधी रांग रिकामी करावी.

त्या पानावरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, त्याने आपला आपणच लावून घेतला, असे समजावे. तार किंवा वायफायची जोडणी पाहावी. पत्ता बरोबर असूनही हाकेला ओ नसेल, तर संगणक पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वायफायवर तर नाही ना, हे तपासावे. त्या वायफायवरून आतली यंत्रे सहसा दिसत नाहीत. ओ येते, ती प्रिंटरचीच आहे, तरी कागद नाही, असे झाल्यास रांगेत 'ऑफलाइन' अशी खूण पडली आहे काय ते बघावे, आणि रांग चालविणारी 'स्पूलर' ही सेवा बंद करून पुन्हा सुरू करावी.

खुलासा मागणारे पत्र आम्ही त्याच रात्री मागे घेतले. दुसऱ्या दिवशी ताईंनी राउटरमध्ये प्रिंटरच्या नावे एक पत्ता कायमचा राखून ठेवला, आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या झाकणावर चिकटवला.